टॉवेलखालचा भाव

“अकरा वीस,” तो म्हणाला, आणि मागच्या रांगेतून कुणाचा तरी सुस्कारा ऐकू आला. मी वहीत टिपणं काढत होते, तो हात थांबला. वर्गातला वाटाघाटीचा खेळ साधाच होता. कोल्हापूरच्या एका काल्पनिक फाउंड्रीला ओहायोतल्या एका काल्पनिक पंप कंपनीला वर्षाला ४०,००० कास्टिंग विकायची आहेत. दोन्ही बाजूंना मी एकेक गुप्त कागद दिलेला. फाउंड्रीच्या कागदावर लिहिलेलं, नगाला ११ डॉलर २० सेंटच्या खाली गेलात तर तोटा, सरळ उठून या. ओहायोच्या कागदावर लिहिलेलं, १४ डॉलरपर्यंत जायला हरकत नाही. हा मुलगा फाउंड्रीचा वकील. साडेचौदापासून निघाला, साडेतेरावर आला, सगळं नीट चाललं होतं. मग समोरच्याने खुर्ची जरा पुढे ओढली आणि विचारलं, “खरं सांग, तुम्ही कमीत कमी कितीला देऊ शकता?” याचे कान लाल झाले. तो खिडकीकडे बघत राहिला. मी मनात मोजत होते, सात सेकंद तरी गेले असतील. आणि मग त्याने सांगून टाकलं. सौदा ११ डॉलर २५ सेंटला ठरला. वरचे पाच सेंट आपण दयेपोटी दिले, हे समोरच्याने नंतर स्वतःच कबूल केलं. बाकीच्या जोड्यांचे आकडे साडेबारा ते तेराच्या आसपास होते.

त्या रात्री मी त्याला वर्गातले सगळ्यात कमी गुण दिले. वाटाघाटी शिकवणाऱ्या बाईने दुसरं काय करायचं? गुण टाकले, लॅपटॉप मिटला, आणि झोप काही येईना.

मी ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमध्ये आठवड्यातून एक संध्याकाळ ‘आंतरराष्ट्रीय वाटाघाटी’ शिकवते. बाकीचे दिवस एका सॉफ्टवेअर कंपनीत करार वाचण्यात जातात. विद्यापीठ ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या चर्चचं. आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो ते हे लोक, पण ते नाव त्यांना हल्ली आवडत नाही, म्हणून मीही सोडलंय. युटामधलं प्रोवो गाव, पाठीला वासॅच डोंगररांग, डोंगराच्या छातीवर पांढऱ्या रंगाचं अवाढव्य ‘वाय’ अक्षर. मुलांच्या गालांवर दाढी नाही, कारण नियमात बसत नाही. दारू नाही, तंबाखू नाही, कॉफी नाही आणि चहाही नाही. हे नियम शिकवणाऱ्यांनाही लागू, मग तुम्ही त्यांच्या धर्माचे असा नसा. मी सही केली तेव्हा दारू-तंबाखूपाशी पेन अडखळलं नाही. चहापाशी अडखळलं. साडेपाचचा तास आणि पोटात चहा नाही, ही शिक्षा काय असते ते ज्याचं त्यालाच कळतं. मग मी लीहाय गावातल्या घरूनच दोन कप पिऊन निघते, आणि थर्मासात आलं घालून उकळलेली गवती चहाची पात आणते. तिला त्यांची हरकत नाही, कारण ते नुसतं गवत. पण कुणी “आत काय आहे?” असं विचारलं की माझी पंचाईत होते. मराठीत त्या गवताच्या नावातच चहा आहे. मी इंग्रजी नाव सांगते आणि उगाचच चोरी पकडल्यासारखं वाटतं.

पहिल्या वर्षी पहिल्याच तासाला एका मुलीने विचारलं, सुरुवात प्रार्थनेने केली तर चालेल का? मी हो म्हटलं. हात जोडायच्या बेतात होते तोवर सगळ्यांनी हाताची घडी घातली आणि माना खाली केल्या. आमच्या शाळेत हाताची घडी म्हणजे तोंडावर बोट. इथे ती देवापुढे. माझे हात मध्येच कुठेतरी लटकत राहिले. ती मुलगी अगदी घरगुती भाषेत देवाशी बोलली, आजच्या तासाला आमचं लक्ष लागू दे, रस्त्यावर बर्फ आहे तर सगळ्यांना सुखरूप घरी पोचव. आणि ‘आमेन’ झाल्यावर मी फळ्यावर लिहिलं, ‘समोरच्याला काय कळू द्यायचं नाही?’ मला स्वतःलाच कसंसं झालं. देवघरातून थेट तुळशीबागेत.

खरं तर या विषयाला याहून चांगली मुलं मिळणं कठीण. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं दोन-दोन वर्षं कुठल्या तरी परक्या देशात धर्मप्रसाराला जाऊन आलेली असतात. मुली दीड वर्ष. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर, पांढरा शर्ट, काळी नावाची पट्टी, सोबत सतत एक जोडीदार, आणि दिवसभर अनोळखी माणसांकडून नकार ऐकायचे. कुणी ब्राझीलमध्ये होतं, कुणी फिलिपाइन्समध्ये, कुणी मंगोलियात. भाषा पुस्तकी नाही, बाजारातली. परदेशी माणूस ‘बघू’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं, हे इतर ठिकाणी मला चार तास घालून शिकवावं लागेल. इथे त्यांनी ते दारात उभं राहून शिकलेलं असतं. लॉ स्कूल १९७३ साली सुरू झालं आणि त्याला नावही एका राजदूताचंच आहे. जे. रूबेन क्लार्क हे मेक्सिकोत अमेरिकेचे राजदूत होते, पुढे चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वात गेले. वाटाघाटी आणि देव ही जोडी इथे भिंतीवरच्या तसबिरीतच आहे. अवघडलेपण असलं तर ते माझंच.

तरीही एक गाठ दरवर्षी येते, आणि ती येणार हे मला ठाऊक असतं. तिसऱ्या आठवड्यात मी वकिलांच्या आचारसंहितेतला तो नियम शिकवते. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांतला ४.१ क्रमांकाचा. वकिलाने तिऱ्हाइताला महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल खोटं सांगायचं नाही. इथवर मुलं माना डोलावतात. मग खालची टीप येते. वाटाघाटीतल्या रूढ संकेतांप्रमाणे किमतीचा अंदाज आणि पक्षकार कितीला राजी होईल याबद्दलची विधानं सर्वसाधारणपणे वस्तुस्थितीची विधानं धरली जात नाहीत. म्हणजे ‘माझं अशील पन्नासच्या खाली उतरणारच नाही’ हे वाक्य, तुमच्या खिशात चाळीसची परवानगी असतानाही, नियमाच्या लेखी खोटं नाही. कारण बाजारात कुणी ते खरं मानतच नसतं. या टिपेपाशी वर्ग गप्प होतो. त्यांच्या चर्चच्या तेरा श्रद्धावचनांपैकी शेवटचं सुरूच होतं प्रामाणिकपणावरच्या श्रद्धेने. मंदिरात प्रवेशाची परवानगी मिळण्याआधी जी मुलाखत होते, तिच्यात एक प्रश्न असतो: तुम्ही जे काही करता त्यात प्रामाणिक राहण्याचा प्रयत्न करता का? तिथे खालची टीप नाही.

मला त्या वेळी धर्मराज आठवतो. आठवायला नको, पण आठवतो. अश्वत्थामा मेला, हे मोठ्याने. नरो वा कुंजरो वा, हे तोंडातल्या तोंडात. टिपेच्या दृष्टीने बघायचं तर धर्मराज सुटणार नाही, कारण कोण मेलं ही वस्तुस्थिती आहे, किमतीचा अंदाज नव्हे. लहानपणी मला त्या गोष्टीत द्रोणाचार्यांपेक्षा रथाचं वाईट वाटायचं. इतकी वर्षं जमिनीवरून चार बोटं तरंगणारा रथ, एका वाक्याने खाली.

आमच्या आटपाडीकडे बोटांचा दुसरा हिशेब होता. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आबा, म्हणजे माझे आजोबा, खरसुंडीच्या यात्रेत बैल विकायला निघाले आणि मी हट्टाने बरोबर गेले. त्या बाजाराचा वास अजून नाकात आहे. शेण, कडबा, बिडी, भज्यांचं तेल, आणि धूळ इतकी की दातांखाली कचकच. खिलार जनावरं दावणीला ओळीने, पांढरी शुभ्र, शिंगं मागे वळलेली, शिंगांना हिंगूळ. माणसं बैलाचा जबडा फाकवून दात बघायची, शेपटी पिळायची, चार पावलं चालवून खुरं बघायची. आणि भावाची वेळ आली की सगळा आवाज बंद. दलाल आबांचा हात हातात घ्यायचा, त्यावर खांद्यावरचा टॉवेल टाकायचा, आणि दोघं आभाळाकडे बघत उभे राहायचे. टॉवेलखाली काहीतरी वळवळायचं. “हे हजार,” दलाल म्हणायचा. पुन्हा वळवळ. “आणि हे शेकडं.” आबा मान हलवायचे, नाही. मग आबांची बोटं. दहा-पंधरा माणसं भोवती उभी, सगळ्यांचे डोळे त्या टॉवेलवर, आणि आकडा फक्त दोन तळहातांना ठाऊक.

पण मला नेमका आठवतो तो टॉवेल पडण्याआधीचा क्षण. घेणाऱ्याने विचारलं, “काही खोड?” आबा म्हणाले, “बसका हाय. दुपारच्याला नांगराच्या तासात बसतो. उन्हाळ्यात जास्त. ते धरून काय ते बोला.” चारचौघांत, मोठ्याने. मी त्यांच्या धोतराला धरून उभी होते, मला रडूच आलं. सांगितलं नसतं तर कुणाला कळणार होतं? परतीच्या वाटेवर मी विचारलं तर आबा म्हणाले, “खोड बैलाची असती. ती त्याच्यासंगं त्याच्या घरला जाणार. भाव माझा.” तेव्हा मला यातलं काही कळलं नाही, मला फक्त भजी हवी होती. नियम ४.१ वाचला तेव्हा मी तीस ओलांडलेली होते, आणि पहिल्यांदा वाचताना मला खरसुंडीची धूळ आठवली. खोड म्हणजे वस्तुस्थिती. भाव म्हणजे टीप.

फक्त एक फरक आहे, आणि तो मी कित्येक वर्षं लक्षातच घेतला नव्हता. टॉवेलखाली आबा कधी खोटं बोलत नव्हते. ते बोलतच नव्हते.

मी वर्गाला ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ शिकवते. फळ्यावर देवनागरीत लिहिते, मुलं कौतुकाने वहीत उतरवून घेतात. मूठ झाकलेली आहे तोवर तिची किंमत समोरचा ठरवतो, वगैरे. हेच हार्वर्डवाल्यांनी ‘बॅटना’ नावाने शिकवून जगभर नेलं. तह फिसकटला तर आपल्यापाशी दुसरा कुठला मार्ग आहे, तो किती बरा आहे, हे आधी ओळखायचं, आणि तो दुबळा असेल तर मूठ झाकायची. मी इजिप्त आणि इस्रायल यांच्यातली कॅम्प डेव्हिडची बोलणीही शिकवते. १९७८चा सप्टेंबर, तेरा दिवस, मसुद्याचे तेवीस खर्डे, आणि शेवटी इस्रायलचे पंतप्रधान बेगिन निघून जायच्या बेतात असताना अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर त्यांच्या नातवंडांसाठी एकेकाचं नाव घालून सही केलेले फोटो घेऊन त्यांच्या खोलीवर जातात. कार्टर बॅप्टिस्ट, बेगिन ज्यू, इजिप्तचे सादात मुसलमान, तिघेही देवाला मानणारे. मुलांना हा भाग फार आवडतो. आणि एका वर्षी, थोडं भीतभीतच, मी पुरंदरचा तह दिला. तेवीस किल्ले देऊन बारा राखले, ही वाटाघाट दुबळ्या बाजूने कशी करायची असते, हे दाखवायला. (तेवीस खर्डे, तेवीस किल्ले. योगायोग आहे, पण मी वर्गात तो मिरवते.) बरं रंगलं. जयसिंगाच्या बाजूला बसलेल्या मुलीने औरंगजेबाला पाठवायचं पत्रसुद्धा लिहून आणलं. मग मागून एक हात वर आला. “प्रोफेसर, सही करताना तो तह पाळायचा त्याच्या मनात होतं का?”

मी म्हटलं, किल्ले खरोखर दिले. कबूल केल्याप्रमाणे विजापूरच्या मोहिमेत फौज घेऊन गेले. आग्र्याला गेले. तिथे काय झालं ते तुम्ही वाचलंय. सिंहगड परत घेतला तो १६७०मध्ये, त्याआधी पुलाखालून बरंच पाणी गेलेलं. हे सगळं खरं होतं आणि मी ते चांगलं मांडलं. पण बोलताना माझा आवाज वर्गातल्या वकिलीणबाईचा नव्हता, चौथीतल्या मुलीचा होता, हे मला कळत होतं. मुलगा माझं ऐकून नम्रपणे म्हणाला, “मी पाळला की नाही असं नव्हतं विचारलं.”

तोच हा. अकरा वीसवाला.

त्या सौद्याच्या दुसऱ्या आठवड्यात तास संपल्यावर तो मागे थांबला. इथली मुलं फळा पुसून देतात, न सांगता. पुसता पुसता म्हणाला, गुण बघितले, तक्रार नाही. मी विचारलं, “तू गप्प का नाही बसलास? ‘ते मी सांगू शकत नाही’ असं म्हणायचं. त्यात खोटं काही नव्हतं.” तो म्हणाला, “सुचलं होतं. पण त्याने ‘खरं सांग’ असं म्हटलं.” मग थोडा थांबून, एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला, “रेपु रंडि.” मी चमकले. हा पोरगा दोन वर्षं आंध्रात काढून आलेला, हे मी विसरूनच गेले होते. तेलुगूत ‘उद्या या’. म्हणाला, ज्यांनी स्वतःहून पत्ता दिलेला असायचा त्यांच्याकडे आम्ही उन्हातून चालत जायचो, आणि दारातून हसून उत्तर यायचं, रेपु रंडि. दुसऱ्या दिवशी जायचो. पुन्हा रेपु रंडि. कुणी वाईट नव्हतं, पाणी द्यायचे, केळं द्यायचे. पण तिसऱ्या दिवशी घरातल्या पोराला सांगायला लावायचे की घरी कुणी नाही. “जे पहिल्याच दिवशी नको म्हणायचे ना, त्यांच्या घरासमोरून जाताना आम्ही हात करायचो.”

मला हसू आलं आणि लाजही वाटली. ‘उद्या या’ हे आपल्याकडे खोटं कुठे असतं? ती तर सभ्यता. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘तुमच्यासाठी म्हणून शेवटचा भाव सांगतो ताई’. मी या वाक्यांत वाढले, मला ती ऐकूच येत नाहीत, पंख्याच्या आवाजासारखी. आणि हे पोरगं पाठीवर घामाने चिकटलेला शर्ट घेऊन ती वाक्यं शब्दशः ऐकत विशाखापट्टणमच्या गल्ल्यांतून हिंडलं. त्याला मी सांगत होते की बाजारात कुणी ते खरं मानतच नसतं. तो मानत होता. रोज जात होता.

आणि खरी बोच वेगळीच होती, ती आता सांगून टाकते. त्याने अकरा वीस म्हटलं त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता मी एका पुरवठादाराला फोनवर सांगितलं होतं, “हा आमचा शेवटचा आकडा. याच्यावर फायनान्स एक डॉलर मंजूर करणार नाही.” फायनान्सने त्याहून सात टक्के जास्त मंजूर केलेले होते, मेल समोर उघडा होता. तो पुरवठादार कबूल झाला. मी खुर्चीत मागे रेलून चहा प्यायले, खरा चहा, आणि मला काहीही वाटलं नाही. वाटण्यासारखं त्यात होतंच काय? नियमाप्रमाणे ते खोटं नव्हतं.

सत्राच्या शेवटच्या तासाला मी घरून टॉवेल नेला. सोलापुरी चादरीसारख्या पोताचा, निळ्या काठाचा, आईने मागच्या खेपेला बॅगेत कोंबलेला. वर्गाला खरसुंडी सांगितली, बैल सांगितला, बसका ही खोडही सांगितली. मग तीच फाउंड्री आणि तोच पंप, तीच दोन पोरं, पण बोलायचं नाही. पुढे उभे करून त्यांच्या हातांवर टॉवेल टाकला. आधी सगळे हसले. दोन मोठी पोरं हात धरून उभी आहेत म्हटल्यावर हसणारच. मग हळूहळू हसू विरलं. समोरचा ब्राझीलवाला छताकडे बघत होता, हा खिडकीकडे. बाहेर बर्फ पडायला लागला होता, दिव्याखाली त्याचे तुकडे दिसत होते. टॉवेल मध्येच उचलल्यासारखा व्हायचा, पुन्हा पडायचा. एकदा याने मान हलवली, नाही. मी मोजत होते की नाही ते आठवत नाही. चार-साडेचार मिनिटं तरी झाली असतील, तेव्हा दोघांनी एकदम हात सोडले, आणि टॉवेल जमिनीवर पडला.

“किती?” कुणीतरी विचारलं. दोघंही काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. गुण मात्र जुनेच राहिले; ते बदलायला माझ्यापाशी कारण असं सांगता येण्याजोगं नव्हतं.

सोमवारी त्याच पुरवठादाराचा फोन आला, पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणासाठी. या वेळी खरंच हात आखडलेला होता. होता तेवढा आकडा मी सुरुवातीलाच सांगितला, त्याच्यावर एक सेंटची परवानगी नव्हती. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, “हा शेवटचा?”

“हो,” मी म्हटलं. “शेवटचा.”

पलीकडे तो मनापासून हसला. “मागच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात,” तो म्हणाला. “बरं, आता खरा आकडा सांगा.”